निर्धोक खेळण्यांची निवड



मूल जगाची ओळख प्रथम तोंडाने करून घेते. हाती आलेली वस्तू डोळ्यांनी पाहावी, हाताने चाचपावी आणि लगेच तोंडात घालावी, हा सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाचा नित्यक्रम असतो. त्यात त्याचा हट्ट नाही की खोडी नाही. ती त्याची शिकण्याची रीत आहे. म्हणून खेळणे विकत घेताना मोठी माणसे जे पाहतात, म्हणजे रंग, आकार, आवाज आणि किंमत, त्याच्या आधी पाहावयाची गोष्ट एकच आहे. हे खेळणे मुलाने चाटले, चावले, आपटून फोडले, तर काय होईल? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या खेळण्यास देता येते, ते खेळणे निर्धोक.

खेळण्यांच्या बाजारात अलीकडे 'नैसर्गिक', 'बिनविषारी', 'पर्यावरणस्नेही' असे शब्द मुबलक वापरले जातात. त्यामुळे प्लास्टिक तेवढे वाईट आणि लाकूड तेवढे चांगले, अशी एक सोपी समजूत रूढ होऊ लागली आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. लाकूड स्वतः निरुपद्रवी असले, तरी मुलाच्या तोंडात प्रथम जातो तो लाकडावरचा रंग. म्हणून निवडीचा विचार रंगापासूनच सुरू केला पाहिजे.

रंगातील शिसे

रंग चकचकीत दिसावा, लवकर वाळावा, उन्हापावसात टिकावा, यासाठी रंगांत शिशाची संयुगे घालण्याची प्रथा जगभर फार जुनी आहे. विशेषतः पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांसाठी लेड क्रोमेट हे संयुग वापरले जात आले आहे. योगायोग असा की, लहान मुलांना हेच रंग सर्वांत अधिक आवडतात.

या रंगांपासून मुलांना विषबाधा होते, ही गोष्ट नवी नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच, घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांना लावलेला रंग हेच तेथील मुलांच्या विषबाधेचे मूळ असल्याचे दाखवून दिले होते. कठड्याचा भुकटी झालेला रंग मुलांच्या हातांना लागत असे आणि हातांवाटे तोंडात जात असे. जवळजवळ सव्वाशे वर्षांनंतरही विषाचा मार्ग तोच आहे. कठड्याच्या जागी खेळणे आले, एवढाच फरक.

शिसे शरीरात गेल्यावर कॅल्शियमप्रमाणे वागते आणि हाडांत साठून राहते. मेंदूची वाढ होत असतानाच्या काळात ते आकलन, एकाग्रता व वर्तन यांवर परिणाम करते, आणि झालेली हानी बहुधा भरून निघत नाही. अन्नपाण्यावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम यांची उणीव असते, त्याच्या शरीरात ते आणखी सुलभतेने शिरते. म्हणजे कुपोषित बालकावर हा दुहेरी आघात होतो. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे, असे वैद्यकशास्त्र आज म्हणत नाही.

या धोक्याचे लक्षण चटकन दिसत नाही, ही त्यातील सर्वांत कठीण बाब होय. मुलाला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. ते थोडे चिडचिडे होते, अभ्यासात थोडे मागे पडते, आणि घरचे लोक त्याच्या स्वभावाला दोष देतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याचा अंदाज दिला आहे. जुन्या बॅटऱ्या वितळविण्याचे उद्योग, भेसळीचे मसाले, भांडी अशी त्याची अनेक कारणे आहेत. खेळण्यांचा व घरातील रंगांचा वाटा त्यांपैकी एक. परंतु इतर कारणे दूर करणे एकट्या कुटुंबाच्या हाती नाही. खेळणे निवडणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

कायदा काय सांगतो

घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. या नियमाच्या दोन मर्यादा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की, त्यापूर्वी रंगविलेली खेळणी, पाळणे, घोडे, पांगुळगाडे आजही घरोघरी माळ्यावर जपून ठेवलेले असतात, आणि नातवंड झाले की ते मोठ्या मायेने खाली काढले जातात. दुसरी ही की, हा नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरताच आहे. यंत्रे, वाहने इत्यादींसाठीचे औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे फाटक किंवा बैलगाडी रंगवून उरलेल्या डब्यातील रंगाचा हात मुलाच्या पाळण्यावर फिरवू नये. जुन्या खेळण्याचा रंग पोपडे धरू लागला असेल, तर ते आठवण म्हणून कपाटात ठेवावे, मुलाच्या हाती देऊ नये. तो रंग घरात घासून काढण्याचा प्रयत्नही करू नये, कारण घासल्याने उडणारी धूळ अधिक घातक असते.

खेळण्यांच्या बाबतीत याहून महत्त्वाची तरतूद म्हणजे २०२० चा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. आय. प्रमाणचिन्ह असणे या आदेशाने बंधनकारक केले. खेळणे देशात बनलेले असो वा परदेशातून आलेले असो, नियम एकच. या आदेशाची निकड २०१९ मध्येच दिसून आली होती. त्या वर्षी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातून खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कसोटीस उतरले नव्हते.

विजेवर वा सेलवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय. एस. ९८७३ हे मानक असून त्याचे अनेक भाग आहेत. पहिल्या भागात टोके, कडा, सुटे भाग यांची तपासणी असते, दुसऱ्यात खेळणे किती चटकन पेट घेते याची, तर तिसऱ्या भागात शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, अँटिमनी, बेरियम व सेलेनियम या आठ मूलद्रव्यांची. वीज अथवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय. एस. १५६४४ हे मानक आहे. खरेदीच्या वेळी प्रमाणचिन्हाच्या वरच्या बाजूस मानकाचा क्रमांक आणि खालच्या बाजूस 'सी. एम. एल.' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला आहे की नाही, हे पाहावे. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बी. आय. एस. केअर' या मोबाइल ॲपवर घातला असता परवाना खरा की खोटा ते कळते. फसवणूक आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. 'बिनविषारी' हा शब्द विक्रेता स्वतः छापू शकतो. प्रमाणचिन्ह मात्र तपासणीवाचून मिळत नाही.

हस्तकलेची खेळणी

येथे एक महत्त्वाचा अपवाद ध्यानात घेतला पाहिजे. केंद्र शासनाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना, तसेच भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या खेळण्यांना, डिसेंबर २०२० मधील दुरुस्तीने या प्रमाणचिन्हातून सूट देण्यात आली. ही सूट न्याय्यच म्हटली पाहिजे. घराच्या ओटीवर बसून दिवसाला दहा-वीस नग घडविणाऱ्या कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च परवडणारा नाही, आणि सूट नसती तर पिढ्यान् पिढ्यांची कला एका आदेशाने बंद पडली असती. परंतु त्यामुळे प्रमाणचिन्हाची खात्री जेथे नाही तेथे खात्री करून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर व कारागिरावर येऊन पडते. हस्तकलेच्या खेळण्याला कायद्याने तपासणी माफ केली आहे. मुलाच्या शरीराने ती माफ केलेली नाही.

महाराष्ट्रात या संदर्भात प्रथम नाव येते ते सावंतवाडीचे. तेथील चितारआळीत लाकडी खेळणी, रंगीत पाट, गंजिफा आणि विशेषतः हुबेहूब दिसणारी लाकडी फळे यांची परंपरा जुनी आहे. आंबा, केळे, सीताफळ, वांगे, मिरची अशी ही फळे-भाज्या इतक्या खऱ्या वाटतात की, पाहुण्यांनी हात पुढे करावा. हलके व मऊ असे पांगाऱ्याचे लाकूड या कामी सोईचे पडते. अशी परडी घरी नेताना खरेदीदाराने तीन प्रश्न विचारावेत. रंग कोणता वापरला आहे? डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख आहे काय? आणि ही वस्तू खेळण्यासाठी आहे की शोभेसाठी? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी केलेले सुपारीएवढे लिंबू किंवा बोटभर मिरची एका वर्षाच्या मुलाच्या हाती गेली, तर दोष कारागिराचा नसतो.

लाखकामाच्या खेळण्यांची रीत याहून वेगळी आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ म्हणजे लाख. कर्नाटकातील चन्नपट्टण हे गाव या खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर लावून फिरविले जाते आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. येथे लाकडावर ब्रशाने तेलरंग चढविलेला नसतो. हळद, नीळ अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी लाख रंगविलेली असेल, तर असे खेळणे तान्ह्या मुलालाही देता येण्याजोगे होते. मात्र लाखेत मिसळलेला रंग वनस्पतीचा आहे की बाजारातील भुकटीचा, हे विचारणे तेथेही आवश्यकच आहे.

ग्राहक हे प्रश्न विचारू लागले, म्हणजे कारागिराचे नुकसान होते असे नाही. उलट, शिसेविरहित रंग वापरणाऱ्या कारागिराला त्याचे श्रेय व दाम मिळण्याचा तोच मार्ग आहे. प्रश्न न विचारणारा ग्राहक स्वस्त रंग वापरणाऱ्याला उत्तेजन देतो. शाळा, ग्रामपंचायती आणि महिला मंडळे एकत्रित खरेदी करताना रंगाविषयी लेखी हमी मागू शकतात, आणि तशी हमी मागितली की हा बदल लवकर घडून येतो.

आकार, दोरी आणि सेल

विष हळूहळू काम करते. श्वासनलिकेत अडकलेला मणी मात्र काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. म्हणून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची आकाराची तपासणी तितकीच काटेकोर असावी लागते. प्रयोगशाळेत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सव्वा इंचाहून किंचित कमी रुंद असे नळकांडे वापरतात. खेळणे किंवा त्याचा निखळलेला भाग त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे नापास होते. घरी ढोबळ अंदाजासाठी अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवावीत. त्या वर्तुळातून जी वस्तू सहज आरपार जाते, ती इतक्या लहान मुलाला देऊ नये. बाहुलीचे डोळे, गाडीची चाके, खुळखुळ्यातील खडे ओढून व हलवून पाहावेत. मोठ्या माणसाच्या हाताने निखळणारे चाक मुलाच्या दातांनी केव्हातरी निखळणारच.

ओढण्याच्या खेळण्याची दोरी दीड वर्षाच्या आतील मुलासाठी सुमारे २२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण एका वितीपेक्षा लांब नसावी, कारण ती गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचलून टाकावेत. श्वासनलिकेच्या तोंडाशी चिकटलेला रबराचा तुकडा काढणे फार अवघड असते.

दिवे लागणाऱ्या व गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखे चपटे सेल हा आजच्या काळातील मोठा धोका होय. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत तेथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणे घेऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करविण्याच्या भानगडीत न पडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. छोट्या शक्तिशाली लोहचुंबकांचेही तसेच आहे. एकापेक्षा अधिक चुंबक पोटात गेले, तर ते आतड्यांच्या घड्यांतून परस्परांना ओढतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते.

प्लास्टिक आणि पर्यावरण

सर्वच प्लास्टिक सारखे नसते. चावता येईल इतकी लवचीक, पी. व्ही. सी.ची खेळणी मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने वापरली जातात. ही रसायने प्लास्टिकशी घट्ट बांधलेली नसल्याने लाळेत उतरू शकतात. भारतीय मानकात त्यांच्याही तपासणीचा समावेश आहे. तेव्हा रस्त्यावर सुट्या विकल्या जाणाऱ्या, उग्र दर्प येणाऱ्या मऊ खेळण्यांपासून तान्ह्या मुलांना दूर ठेवणे श्रेयस्कर.

पर्यावरणाच्या दृष्टीने विचार करता, खेळणे कशाचे बनले यासोबत ते किती दिवस टिकते आणि दुरुस्त होते की नाही, हेही पाहावे लागते. प्लास्टिकचे कवच, धातूचे स्क्रू, तारा, सेल अशा मिश्र घटकांचे स्वस्त खेळणे आठवड्यात मोडते. मोडले की त्याचे घटक वेगळे करणे भंगारवाल्यालाही परवडत नाही, आणि ते कचऱ्याच्या ढिगात जाते. दहा खेळणी घेण्याऐवजी दोन टिकाऊ खेळणी घेणे, ती धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला देणे, अंगणवाडीत खेळण्यांची देवघेव-पेटी ठेवणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

घरची खेळणी

उत्तम खेळणे महागच असते असे मुळीच नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या सहकार्याने १९५७ पासून ते आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. परदेशी धर्तीची महाग शैक्षणिक साधने खेड्यातील बालवाडीस परवडत नाहीत, हे ओळखून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती यांतूनच साधने उभी केली. पुढे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून विज्ञान शिकविणारी शेकडो खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती असंख्य मुलांपर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान देण्यात आला.

आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची केलेली बाहुली, न रंगविलेला पोळ्याचा मातीचा बैल, दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलांनी स्वतः मळलेली माती, ही सारी खेळणी निर्धोक तर आहेतच, शिवाय घडविण्याचा आनंदही देणारी आहेत. मात्र घरच्या खेळण्यांनाही वयाचा विवेक हवा. सागरगोटे व चिंचोके हे मोठ्या मुलांचे खेळ, रांगत्या मुलाचे नव्हेत. तांब्यापितळेच्या भातुकलीवर अनेक पिढ्या वाढल्या. तथापि पितळेत अनेकदा थोडे शिसे मिसळलेले असते, म्हणून ती भांडी तोंडात घालण्याच्या वयातील मुलास न देता त्याच्या मोठ्या बहिणीच्या संसारात राहू द्यावीत. चिंध्यांच्या बाहुलीला डोळे म्हणून गुंड्या शिवण्यापेक्षा रंगीत दोऱ्याने टाके घालून ते काढावेत.

सारांश

लाकूड, माती, कापड वा प्लास्टिक यांपैकी कोणत्याही एका द्रव्याच्या नावात सुरक्षितता सामावलेली नाही. कारखान्यातील खेळण्यावर प्रमाणचिन्ह पाहावे. कारागिराच्या खेळण्याबद्दल रंगाची चौकशी करावी. दोन्ही बाबतींत आकार, सांधे, दोरी व सेल स्वतःच्या हाताने तपासावेत. जुने, पोपडे धरलेले खेळणे कितीही प्रिय असले, तरी ते मुलापासून दूर ठेवावे. खेळल्यानंतर व जेवणापूर्वी मुलाचे हात धुवावेत आणि त्याच्या आहारात पालेभाज्या, दूध, कडधान्ये, नाचणी यांचा समावेश ठेवावा, म्हणजे शरीरात चुकून शिरणाऱ्या शिशाला काही अंशी प्रतिबंध होतो.

एवढी दक्षता घेण्यास पैसा फारसा लागत नाही. दुकानात दोन मिनिटे अधिक आणि दोन प्रश्न अधिक, एवढाच तिचा खर्च आहे. मूल स्वतः हे प्रश्न विचारू शकत नाही. हाती आलेल्या वस्तूवर पूर्ण विश्वास टाकून ते ती तोंडात घालते. तो विश्वास सार्थ ठरविणे हे पालकांचे, कारागिरांचे आणि विक्रेत्यांचे समान कर्तव्य होय.